मोडीत काढलेला कॉम्प्युटर कुठे जातो?

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत कॉम्प्युटर तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग निवडून आणायचे आणि ओळखीच्या कुणाकडून तरी जोडून घ्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पैसे साठवून घेतलेले ते डेस्कटॉप आता वापरात नाहीत. त्यांच्यानंतर आलेले लॅपटॉपही एव्हाना जुने झाले. काही माळ्यावर आहेत, काही पलंगाखालच्या खोक्यात. शाळा आणि सरकारी कचेऱ्यांमधले तर हलवताही येत नाहीत. जडसंग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते, निर्लेखनाची मंजुरी आल्याशिवाय ती वजा होत नाही, आणि तोवर एखाद्या वर्गखोलीच्या कोपऱ्यात मॉनिटरांची चळत धूळ खात उभी राहते.

जगभरात २०२२ या एका वर्षात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. त्यातला जेमतेम २२ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करण्यात चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो. यात फ्रिज, पंखे, मोबाइल सगळंच आलं. पण कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण त्याच्या पोटात तीन गोष्टी एकत्र असतात: विष, सोनं आणि आपली खासगी माहिती. यातलं काय कुणाच्या वाट्याला येणार, हे तो आपल्या दारातून कुणाबरोबर बाहेर पडतो यावर ठरतं.

डब्याच्या आत

जुन्या डेस्कटॉपचं बाजूचं झाकण काढलं की पहिल्यांदा दिसतो तो हिरवा किंवा तपकिरी मदरबोर्ड. फायबरग्लास आणि इपॉक्सी यांच्या थरांमध्ये तांब्याच्या वाटा कोरलेल्या असतात. अशा सर्किट बोर्डांच्या वजनात तांब्याचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो. रॅमची पट्टी काढून तिची खालची कड पाहा. तिथल्या पिवळ्या चकचकीत दातांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. जुन्या प्रोसेसरच्या पिनांवरही तो असतो. सोनं गंजत नाही, म्हणून वर्षानुवर्षं जोडणी पक्की राहते. एका बोर्डात हे सोनं नगण्य वाटतं, पण कॉम्प्युटरचे टनभर बोर्ड जमवले तर त्यात साधारण २०० ग्रॅम सोनं निघू शकतं. सोन्याच्या खाणीतल्या टनभर दगडातून बहुधा काही ग्रॅमच हाती लागतं.

टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची सुमारे ५,००० पदकं अशाच धातूतून घडली. जपानी लोकांनी दिलेली जवळपास ७९ हजार टन छोटी उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल यांतून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ मिळालं.

त्याच मदरबोर्डावर शिशाचंही वास्तव्य असतं. २००६ पर्यंतच्या बहुतेक बोर्डांवरचं सोल्डर कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाचं होतं. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने नव्या उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले आणि मग जगभरचं उत्पादन हळूहळू शिसेमुक्त सोल्डरकडे वळलं. आपल्या माळ्यावरचा डेस्कटॉप त्याआधीचा असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालावं. बोर्ड पेट घेऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त रसायनं मिसळलेली असतात. घड्याळ चालू ठेवणारा रुपयाएवढा गोल सेल लिथियमचा असतो. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका जळून जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात जड विष जुन्या फुगीर मॉनिटरमध्ये आहे. पडद्यामागच्या नळीतून निघणारे क्ष-किरण अडवण्यासाठी तिच्या काचेत शिसं घालत, आणि ते एकेका मॉनिटरमध्ये किलोच्या हिशेबात भरतं. नळीच्या आत हवा नसते, त्यामुळे ती फुटली की काच आतल्या बाजूला कोसळून तुकडे चौफेर उडतात. शिवाय बंद केल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार साठून राहू शकतो. असा मॉनिटर घरी कधीही उघडू नये. वीज पुरवणारा एसएमपीएसचा पत्र्याचा डबाही उघडू नये, कारण त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही झटका देऊ शकतात. त्यानंतरच्या पिढीतल्या अनेक चपट्या पडद्यांमागे बारीक ट्यूबलाइट असतात आणि त्यांत पारा असतो. एलईडीवर चालणारे पडदे आल्यावर तो गेला.

हा सगळा ऐवज बंद डब्यात असेपर्यंत कुणाला बाधत नाही. माळ्यावर पडलेला कॉम्प्युटर विषारी वायू सोडत नाही, तेव्हा घाबरून तो घाईघाईने बाहेर काढण्याचं कारण नाही. बाधा सुरू होते ती तो फोडला, जाळला किंवा आम्लात बुडवला की.

भंगाराच्या दुकानातून पुढे

भंगारवाला कॉम्प्युटर किलोवर घेतो. त्याच्या दुकानातून माल छाटणी करणाऱ्यांकडे जातो. मुंबईत कुर्ला, साकीनाका आणि धारावी, दिल्लीत सीलमपूर ही या धंद्याची जुनी ठिकाणं. इथले कारागीर कमालीचे वाकबगार असतात. चालणारा भाग वेगळा, दुरुस्त होणारा वेगळा, पत्रा वेगळा, ॲल्युमिनियम वेगळं. या टप्प्यापर्यंतचं काम खरोखर मोलाचं आहे. एखाद्या कारखान्यातलं यंत्र जे सरसकट भरडून टाकेल, ते हे हात स्क्रू काढून, निगुतीने सुटं करतात.

घात होतो तो पुढे. वायरीतलं तांबं काढण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे वायर जाळणं. वरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, त्यात क्लोरीन असतं. उघड्यावर, कमी तापमानात ते जळताना डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगं तयार होतात, आणि जळणाऱ्या वायरीतलं तांबंच त्या रासायनिक क्रियेला हातभार लावतं. बोर्ड शेगडीवर तापवून चिप उचकटल्या जातात. सोल्डर वितळताना उठणारा धूर त्यावर वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातो. उरलेला बोर्ड सोन्यासाठी नायट्रिक आम्लाच्या किंवा अम्लराजाच्या टबात पडतो. सोनं निघाल्यावर शिसं, तांबं आणि आम्ल असलेलं ते पाणी बहुधा जवळच्या गटारात जातं.

पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये देशभरचे सर्किट बोर्ड येत राहिले. ते जाळून उरलेली काळी राख रामगंगेच्या काठावर टाकली जात होती. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तिथली माती आणि पाणी तपासलं तेव्हा त्यात जड धातू सापडले. पुढे हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला.

चीनमधलं ग्वियू हे गाव एके काळी जगातलं ई-कचऱ्याचं सगळ्यात मोठं ठिकाण मानलं जाई. तिथल्या एक ते सहा वर्षांच्या १६५ मुलांचं रक्त संशोधकांनी तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्वियूच्या मुलांच्या रक्तात दर डेसीलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसं होतं. असा धंदा नसलेल्या शेजारच्या गावात हेच प्रमाण ९.९ होतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं कायमची इजा करतं आणि शिशाची अमुक एक पातळी निर्धोक आहे असं वैद्यकशास्त्र मानत नाही. या मुलांपैकी कुणी कॉम्प्युटर विकत घेतला नव्हता.

भंगारवाला नोंदणीकृत पुनर्चक्रण कंपनीपेक्षा चार पैसे जास्त का देऊ शकतो, याचं उत्तर इथे आहे. धूर गाळणारं यंत्र, सांडपाण्याची प्रक्रिया, कामगारांचे मास्क आणि आरोग्यतपासणी, शिसेयुक्त काचेची विल्हेवाट यांतला कुठलाच खर्च त्या साखळीत कुणी करत नाही. आपल्या हातावर पडणारा जादा दर कुणाच्या तरी फुप्फुसातून वसूल होत असतो.

आधी माहिती पुसा

अमेरिकेत एमआयटीतल्या सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलाट या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्डडिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ वाचता आल्या. नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२. बाकीच्यांमध्ये ५,००० हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी पत्रव्यवहार सापडला. हा अभ्यास २००३ चा आहे, पण शिकवण आजही तीच आहे. मॉर्गन स्टॅन्ली या बलाढ्य वित्तसंस्थेने जुनी यंत्रं मोडीत काढण्याचं काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या एका सामान वाहून नेणाऱ्या कंपनीला दिलं. ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रं पुढे ऑनलाइन लिलावात विकली गेली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने मॉर्गन स्टॅन्लीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला.

फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामी केली, तरी मजकूर डिस्कवर असतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पानं शाबूत राहतात, तसंच हे आहे. क्विक फॉरमॅटही अनुक्रमणिकाच फाडतो. मोफत मिळणारी रिकव्हरी सॉफ्टवेअर ती पानं परत वाचतात. म्हणून पुढचा क्रम पाळावा.

पहिलं काम, हवं ते उतरवून घेणं. फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर असेल तर त्याच्या फाँटसकट, बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खात्री करा. दुसरं, ब्राउझरमधल्या साठवलेल्या पासवर्डांसह सगळ्या खात्यांतून बाहेर पडा. ॲपलचा कॉम्प्युटर असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा, नाहीतर तो पुढच्या माणसाला वापरताच येणार नाही. डिजिटल सिग्नेचरचा टोकन यूएसबीला लटकलेला राहू नये.

तिसरं, प्रत्यक्ष पुसणं. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्डडिस्कवर एकदा संपूर्ण शून्यं लिहिली की घरगुती गरजेला पुरतं. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फॉरमॅट करा, मात्र ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढायला विसरू नका. विंडोज चालू असलेला कॉम्प्युटर असेल तर रीसेटमध्ये जाऊन सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा, असे दोन्ही पर्याय निवडा. याला काही तास लागतात. रात्री लावून ठेवावं.

चिपांवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडीची तऱ्हा निराळी आहे. तिच्यातले सूक्ष्म कप्पे सारखे झिजावेत म्हणून तिचं नियंत्रक मजकूर आपल्या मर्जीने इकडेतिकडे लिहीत राहतं. त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी काही जुने कप्पे सुटू शकतात. तिच्यासाठी त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा. त्याहून चांगलं म्हणजे कॉम्प्युटर नवा असतानाच विंडोजच्या बिटलॉकर किंवा ॲपलच्या फाइलव्हॉल्टने डिस्क कुलूपबंद करून ठेवणं. मग टाकायच्या वेळी किल्ली नष्ट केली की आतला मजकूर निरर्थक होतो.

हार्डडिस्क बंद पडली असेल तर पुसता येत नाही, पण जाणकार माणूस तिच्यातून मजकूर काढू शकतो. अशी डिस्क बाहेर काढून तबकड्यांच्या आरपार ड्रिलने भोकं पाडावीत. डोळ्यांना गॉगल हवाच, कारण काही तबकड्या काचेच्या असतात आणि फुटून उडतात. एसएसडीला मात्र ड्रिल भरवशाचं नाही. एखादी चिप सुटली तर तिच्यात मजकूर राहतो. ती नोंदणीकृत कंपनीकडून भरडून घ्यावी आणि तसं प्रमाणपत्र मागावं.

घरापेक्षा मोठी जबाबदारी आहे ती महा ई-सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, पतपेढी, दवाखाना आणि करसल्लागाराचं कार्यालय यांची. त्यांच्या डिस्कवर शेकडो लोकांची आधार आणि पॅन कार्डं, सातबारा, रक्तचाचण्यांचे अहवाल असतात. आपलं कार्ड स्कॅन करायला देणाऱ्या माणसाने विश्वास टाकलेला असतो. मोठ्या झेरॉक्स यंत्रातही हार्डडिस्क असू शकते, हे अनेकांच्या गावीही नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही काम झाल्यावर माहिती पुसण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. असे कॉम्प्युटर किलोवर विकणं म्हणजे लोकांचे कागद चव्हाट्यावर मांडणं आहे.

खरंच मोडीत काढायचाय का?

संयुक्त राष्ट्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये हिशेब मांडला होता: एक डेस्कटॉप आणि १७ इंची मॉनिटर तयार करताना किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी खर्च होतं. पुनर्चक्रणातून यातला छोटासा हिस्सा परत मिळतो. चिप घडवताना लागलेली वीज आणि पाणी कुठल्याच भट्टीतून परत येत नाही. म्हणून चालणाऱ्या कॉम्प्युटरचं आयुष्य वाढवणं हा पुनर्चक्रणाहून वरचा मार्ग आहे.

मंद झालेल्या लॅपटॉपचं दुखणं बहुतेकदा हार्डडिस्क आणि अपुरी रॅम हे असतं. एसएसडी बसवली, रॅम वाढवली की तोच लॅपटॉप आणखी काही वर्षं लिहिण्यावाचण्याला, ऑनलाइन शिकवणीला पुरतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य कॉम्प्युटर हार्डवेअर धडधाकट असूनही टाकाऊ ठरू लागले. त्यांच्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवता येतं. ते फुकट मिळतं आणि त्याचे सुरक्षा अपडेटही चालू राहतात. केरळमधल्या सरकारी शाळांनी लिनक्सवर अख्खी पिढी शिकवली आहे. एखाद्या वसतिगृहाला, वाचनालयाला लॅपटॉप देताना एवढी डागडुजी आपण स्वतः करून द्यावी. बंद पडलेला, चार्जर नसलेला लॅपटॉप दान केला की विल्हेवाटीचं ओझं तेवढं शाळेच्या गळ्यात पडतं.

बॅटरीची मात्र हयगय नको. लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळाचं झाकण फुगलं, तर आतल्या लिथियम बॅटरीत वायू साठला आहे. चार्जिंग तत्काळ थांबवा. ती टोचू, दाबू, वाकवू नका. काढता येण्यासारखी असेल तर टोकांना चिकटपट्टी लावा आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर, सावलीत, कोरड्या जागी ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्रात पोचवा. घंटागाडीत ती कधीही टाकू नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत अशी बॅटरी चेपली गेली तर तिथेच पेट घेते आणि गाडीवरच्या कामगारांच्या जिवावर उठते.

कायदा आणि आपला हात

भारतात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले, मग २०१६ मध्ये नवे आले. आजचे नियम २०२२ चे आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वी २१ प्रकारची उपकरणं या कक्षेत होती, आता १०६ आहेत. विकलेला माल म्हातारा झाल्यावर त्याचं पुनर्चक्रण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. २०२३-२४ साठी हे उद्दिष्ट ६० टक्के होतं, २०२७-२८ पासून ते ८० टक्के होईल. उत्पादक नोंदणीकृत पुनर्चक्रण कंपन्यांकडून प्रमाणपत्रं घेतात आणि सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम किती काढलं यावर ती मोजली जातात. वर्षभरात हजार किंवा त्याहून अधिक उपकरणं वापरणाऱ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत हातांतच द्यायचा आहे.

एकट्यादुकट्या घरासाठी वाट सोपी आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर जुना माल परत घेण्याची सोय दिलेली असते. नोंदणीकृत कंपन्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. राज्यातल्या कंपन्यांबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारता येतं. एका कॉम्प्युटरसाठी गाडी पाठवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून सोसायटीने, मंडळाने, शाळेने एक दिवस ठरवून सगळ्यांचा माल एकत्र करावा. दिवाळीआधीची साफसफाई ही त्यासाठी चांगली वेळ.

माल न्यायला येणाऱ्याला काही गोष्टी विचाराव्यात. नोंदणी क्रमांक काय? फुगीर मॉनिटरही नेणार का? बोर्ड पुढे कुणाकडे जातात? पावती आणि प्रमाणपत्र मिळेल का? फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर उचलून मॉनिटर मागे ठेवणारा माणूस सोनं नेतो आणि विष आपल्याकडे सोडतो. रॅम, प्रोसेसर आधीच काढून ठेवून उरलेला सांगाडा कंपनीला देणंही तितकंच चूक, कारण मौल्यवान भागांच्या कमाईतूनच घातक भागांची विल्हेवाट भागते.

यात भंगारवाल्याला आणि कचरावेचकांना वगळून चालणार नाही. घरोघरी पोचण्याची त्यांची ताकद कुठल्याही कंपनीपाशी नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. कचरावेचकांना ओळखपत्र, ठरलेलं काम आणि हक्काची कमाई मिळू शकते, हे या संस्थांनी दाखवून दिलं. ई-कचऱ्यातही हाच मार्ग आहे. गोळा करणं, छाटणी करणं, दुरुस्त करणं हे काम त्यांच्याकडे असावं आणि त्याचे रास्त पैसे त्यांना मिळावेत. बोर्डातला धातू काढणं मात्र धूर आणि सांडपाणी अडवू शकणाऱ्या कारखान्यातच व्हावं.

तेव्हा जुना कॉम्प्युटर विकायला काढाल, त्या दिवशी ‘किलोला काय देणार?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा आणि कॉम्प्युटर पुढे कुणाच्या हातात पडणार हे आधी विचारा. नोंदणीकृत कंपनीने दोन-चारशे रुपये कमी दिले तर कमी घ्या. पंधरावीस वर्षं ज्या यंत्राने आपल्या घरी शिक्षण आणि रोजगार आणला, त्याच्या सुरक्षित शेवटाचा एवढा खर्च आपला आहे, आणि तो आपणच द्यायला हवा.